मुलांचा फोन, आईबापांचे प्रश्न

मुलांच्या सोशल मीडियाबद्दल रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. मुलांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. ‘फोन काढून घ्यावा का’ हे जवळपास प्रत्येकाने विचारलंय. त्यावर हर्णेच्या पत्राखाली सविस्तर लिहिलं आहे. अ‍ॅप अपडेट झालं की मेनूतली नावं इकडची तिकडे होतात. सांगितलेली जागा सापडली नाही, तर सेटिंगमध्ये वर शोधाची चौकट असते, तिथे ते नाव टाइप करा.

माझी मुलगी नववीत आहे. सातवीत असताना तिने इन्स्टाग्राम उघडलं. वय बसेना म्हणून चुलतभावाने जन्मसाल २००३ टाकून दिलं. हे मुंबईला असतात, मला त्यातलं फार कळत नाही. अकाउंट बंद करायला लावू का?
*एक आई, देवगड तालुका*

बंद करायला लावू नका. लावलंत तर आठवड्याभरात तुम्हाला माहीत नसलेलं दुसरं उघडेल. ते जन्मसाल मात्र आजच दुरुस्त करा, कारण सगळी गोम तिथेच आहे. इन्स्टाग्रामला किमान वय १३ लागतं, आणि १८ च्या आतल्यांसाठी ‘टीन अकाउंट’ असतं. भारतात ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, मुलगी ज्यांना फॉलो करते किंवा ज्यांच्याशी आधीपासून जोडलेली आहे त्यांचेच मेसेज येतात, नको ते व्हिडिओ कमी दिसतात, दिवसाला ६० मिनिटं झाली की आठवण येते आणि रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प राहतात. पण २००३ च्या हिशेबाने तुमची मुलगी अ‍ॅपच्या लेखी बाईमाणूस आहे. यातलं एकही कुंपण तिच्याभोवती नाही.

तिच्या फोनवर, तिला शेजारी बसवून करा. प्रोफाइल उघडून वर उजवीकडच्या तीन रेषा दाबा. पुढे अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, बर्थडे. तारीख पुन्हापुन्हा बदलू देत नाहीत, म्हणून शाळेच्या दाखल्यावरची खरी तारीख पहिल्याच खेपेला टाका. नंतर ‘अकाउंट प्रायव्हसी’ उघडून प्रायव्हेट चालू झालंय का ते डोळ्यांनी पाहा.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि खरं काम राहून जातं. अकाउंट उघडं असताना गोळा झालेले फॉलोअर प्रायव्हेट केल्यावरही आतच राहतात. सहाशे फॉलोअर असतील तर मुलगी जेमतेम दीडशे जणांना ओळखत असेल. यादी उघडा आणि एकेका नावाला ‘हा कोण’ म्हणून विचारा. ‘फ्रेंडचा फ्रेंड’ असं उत्तर आलं की ‘रिमूव्ह’. समोरच्याला त्याची सूचना जात नाही, त्यामुळे ‘तिला राग येईल’ ही अडचण उरत नाही. तासभर लागेल. दोन बैठकांत करा.

शेवटी ‘सुपरव्हिजन’. त्यासाठी तुमचं स्वतःचं इन्स्टाग्राम अकाउंट हवं. एकीने निमंत्रण पाठवायचं, दुसरीने स्वीकारायचं. मग ती किती वेळ घालवते, कुणाला फॉलो करते आणि गेल्या सात दिवसांत कुणाशी बोलली ती नावं तुम्हाला दिसतात. काय बोलली ते दिसत नाही, आणि दिसूही नये असं आमचं मत आहे. चौदा वर्षांची मुलगी मैत्रिणीशी काय बोलते ते वाचायला लागलात की ती बोलायची जागा बदलते. १६ च्या आतल्या मुलांना ही कुंपणं सैल करायला पालकांची परवानगी लागते, १६-१७ ची मुलं बरीचशी स्वतः बदलू शकतात. तुमच्या हातात अजून वर्ष-दोन वर्षं आहेत.

जाता जाता एक. खाली उजवीकडचं प्रोफाइलचं चित्र दाबून धरलं की त्या फोनवर चालू असलेले सगळे आयडी दिसतात. दुसरा आयडी निघाला तर आकाश कोसळलं असं समजू नका. बऱ्याच मुलांचा एक नातेवाइकांसाठी आणि एक मित्रांसाठी असतो. जन्मतारीख तिथलीही दुरुस्त करा.

मी बोटीवर तांडेल आहे. एकदा बाहेर पडलो की चार-पाच दिवस फोन लागत नाही. या खेपेला परत आलो तर कळलं, अकरावीतल्या मुलाने आईच्या खात्यातून आठ हजार कुणाला तरी पाठवलेत. विचारल्यावर रडायला लागला. एका मुलीने व्हिडिओ कॉल केला होता, आता त्याचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवीन म्हणते. मी फोन काढून घेतलाय. पुढे काय करू?
*हर्णे, दापोली तालुका*

मुलाने तोंड उघडलं, निम्मं काम तिथेच झालं. हा धंदा एकाच भरवशावर चालतो: पोरगा घरी सांगणार नाही. ‘सांगितलं म्हणून फोन गेला’ असं त्याच्या मनात बसलं असेल तर ते आजच काढा. फोन तूर्त तुमच्याकडे राहू दे, पण त्याला खरं कारण सांगा: तो पुरावा आहे. फॉरमॅट मारू नका, चॅट पुसू नका, सिम मोडून टाकू नका. घाबरलेल्या घरांत पहिल्या तासात नेमकं हेच होतं, आणि मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

हे घडतं कसं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू दे. मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते, फोटो कुणाचा तरी चोरलेला. मुलाच्या दोन-चार मित्रांनी ती आधीच स्वीकारलेली असते, म्हणून ती ओळखीतली वाटते. दोन दिवस गोडगोड गप्पा, मग ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ये’, मग रात्री उशिरा व्हिडिओ कॉल. समोर दिसणारी बाई बहुतेकदा आधीच रेकॉर्ड केलेली असते. पलीकडे बसलेला कुणीही असू शकतो. मुलाला भरीला पाडतात, तेवढ्यात स्क्रीन रेकॉर्ड होतो आणि लगेच त्याच्याच फॉलोअर यादीचा स्क्रीनशॉट येतो: ही तुझी मावशी, हे तुझे सर. मग आकडा. पहिला आकडा मुद्दाम लहान ठेवतात, पोराला गुपचूप जमवता येईल इतका. दिले की व्हिडिओ पुसला जात नाही. या घरातून पैसे निघतात एवढंच समोरच्याला कळतं. पुढे ‘सायबर पोलीस’ किंवा ‘यूट्यूबचे अधिकारी’ म्हणून वेगळ्याच नंबरवरून फोन येतो, की व्हिडिओ अपलोड झालाय, काढायला इतके लागतील. तोही त्यांचाच माणूस. खरे पोलीस असे पैसे मागत नाहीत.

आता करायचं काय. आणखी एक रुपया द्यायचा नाही, आणि ‘उद्या बघतो’ असं म्हणून आशाही लावायची नाही. धमकीचे मेसेज, पूर्ण युजरनेम दिसेल असं समोरच्याचं प्रोफाइल, फोन नंबर, पैसे गेले तो यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक कागदावर उतरवा. तो पेमेंट अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. हे झालं की मगच ब्लॉक आणि रिपोर्ट. ब्लॉक आधी केलं तर प्रोफाइल पुन्हा शोधणं अवघड होतं.

लगेच १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवतात. मध्ये कुठे ते अडवता आले तर परत मिळायची आशा असते. म्हणून दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. तुमच्या बाबतीत दिवस गेलेत, तरी फोन करा. बँकेलाही कळवा. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर होते. तिथे महिला आणि मुलांवरच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे आणि त्यात नाव न देताही तक्रार करता येते. मात्र तुमचे पैसे गेलेत, तपास पुढे सरकायला हवा, म्हणून नाव द्या. तालुक्याच्या ठाण्यात गेलात तरी चालतं. सायबर पोलीस ठाणं जिल्ह्याच्या ठिकाणी असतं.

मुलगा १८ च्या आत आहे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा त्याला लागू होतो. तो फक्त मुलींसाठी आहे हा सार्वत्रिक गैरसमज. या कायद्याने जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं आणि मुलाचं नाव कुठेही छापता येत नाही. ठाण्यात हे आपणहून सांगितलं गेलं नाही तर तुम्ही विचारा.

व्हिडिओ धमकीसोबत मुलाच्या फोनवर आला असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. पत्ता: टेकइटडाउन डॉट एनसीएमईसी डॉट ओआरजी. व्हिडिओ तिथे पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याची एक डिजिटल खूण तयार होते आणि तेवढीच पुढे जाते. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो व्हिडिओ ओळखून अडवू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद चॅटमध्ये याचा उपयोग नाही. १८ च्या वरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही अशीच सेवा आहे.

तो व्हिडिओ ‘पुरावा’ म्हणून भावाला, सरपंचाला, पोलीस पाटलाला फॉरवर्ड करू नका. मुलाचा असा व्हिडिओ पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, पाठवणारा बाप असला तरी. पोलिसांनाही फोन प्रत्यक्ष दाखवा. नातेवाइकांना मात्र आधीच एक साधा मेसेज टाका: ‘आमच्या मुलाला कुणीतरी ऑनलाइन धमकावतंय. अनोळखी नंबरवरून काही आलं तर उघडू नका, पुढे पाठवू नका, आम्हाला कळवा.’ हा मेसेज गेला की धमकीतली बरीचशी हवा निघून जाते.

मुलगा पुढचे काही दिवस जेवणार नाही, झोपणार नाही. रात्री त्याला खोलीत एकटा ठेवू नका. ‘जगून काय करू’ असं काही बोलला तर ते नाटक समजू नका. १४४१६ या टेली-मानस नंबरवर चोवीस तास बोलता येतं, मुलांसाठी १०९८ आहे. आणि तुम्ही पुन्हा समुद्रात जाण्यापूर्वी घरातलं किंवा वाडीतलं एक माणूस ठरवून जा, मामा, काका, कुणीही. तुम्ही रेंजबाहेर असताना याच्याकडे जायचं आणि हा ओरडणार नाही, हे मुलाच्या देखत ठरवा. तक्रार झाली, सेटिंग नीट केली, की फोन परत द्या. कायमचा काढून घेतलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि धाकटा भाऊ हे सगळं बघत असतो.

दहावीतल्या दोन मुलांनी वर्गातल्या मुलीच्या साध्या फोटोवरून अ‍ॅपने अश्लील फोटो बनवून ग्रुपवर टाकला. मुलीचे वडील म्हणतात बोभाटा नको. संस्थाही ‘समज देऊन मिटवा’ म्हणते. फोटो खरा नाही, मग गुन्हा होतो का?
*शिक्षिका, चिपळूण परिसर*

होतो. पॉक्सो कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीने संगणकावर बनवलेलं, फेरफार केलेलं, पण मूल दाखवणारं अश्लील चित्रही व्याख्येत आलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब सुद्धा लागतं. त्यात पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे.

मिटवणं तुमच्या हातात नाही, आणि हे संस्थेच्या बैठकीत स्पष्ट सांगा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वडील नको म्हणाले तरी ही जबाबदारी सुटत नाही. वडिलांची भीती आम्ही समजू शकतो. गावात झाकली मूठ ठेवायची सवय असते. पण फोटो चाळीस फोनवर असताना मूठ झाकलेली नसतेच. त्यांना हे सांगा की मुलीचं नाव उघड करण्यावर कायद्याची बंदी आहे, आणि पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, म्हणजे मुलीच्या बाजूनेही कुणीतरी उभं राहतं.

ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा. फोटोचा स्क्रीनशॉट घेऊ नका, कारण मग तो तुमच्याकडेही साठतो. ज्याच्या फोनवर तो आला आहे असा एक फोन पालकांच्या संमतीने तसाच बाजूला ठेवा आणि पोलिसांना दाखवा. पोलिसांना कळवलं की त्यांना विचारून ग्रुप अ‍ॅडमिनने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करावं. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही पुसता येतो. बाकी मुलांच्या गॅलरीत तो आपोआप उतरलेला असतो, हे लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘चॅट्स’ सेटिंगमधलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद असतं तर निदान गॅलरीत दिसला नसता.

त्या दोन मुलांचं काय, हाही प्रश्न आहेच. वय १८ च्या आत असल्याने प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तिथे समुपदेशन आणि सुधारणेवर भर असतो. ‘पोरांचं आयुष्य बरबाद होईल’ हे वाक्य बैठकीत येईल तेव्हा हे सांगायला विसरू नका. मुलीच्या आयुष्याबद्दल त्या बैठकीत कुणी बोलतंय का तेही बघा.

आमचा होमस्टे आहे. मुलगी पंधरा वर्षांची, रील छान करते. तिच्या आयडीवरूनच बुकिंग येतात. पण आता तिला घाणेरडे मेसेज यायला लागलेत. पेज बंद केलं तर धंदा जाईल.
*तारकर्ली, मालवण*

पेज बंद करू नका, मुलीपासून तोडा. धंद्यासाठी तिचं अकाउंट ‘प्रोफेशनल’ केलं असेल, आणि प्रोफेशनल अकाउंट प्रायव्हेट करता येत नाही. त्यामुळे तिचे शाळेतले फोटो आणि तुमचे खोल्यांचे दर एकाच उघड्या दारात मांडलेत. होमस्टेच्या नावाने नवं अकाउंट तुमच्या फोनवर, तुमच्या नंबरने काढा. जुन्यावर महिनाभर ‘आता इथे या’ अशी पोस्ट ठेवा, मग तिचं अकाउंट पर्सनल करून प्रायव्हेट करा. बुकिंगच्या मेसेजांना उत्तर तिने द्यायचं नाही, रात्री तर नाहीच; व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस तुमच्या सिमवर घ्या.

रील तिने करावेत. कॅमेऱ्यामागे राहून केले तर उत्तमच, माशाची कढी आणि खाडीतली होडी तिच्याइतकीच चालतात. तिचा गणवेश, शाळेचं नाव, ती एकटी किनाऱ्यावर जायची वेळ चित्रात येऊ नये. नव्या पेजवर ‘हिडन वर्ड्स’मध्ये, म्हणजे नको ते शब्द असलेले मेसेज आणि कमेंट लपवणाऱ्या सेटिंगमध्ये, शिव्या स्वतः टाइप करा: देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत आणि मालवणीत. इथल्या शिव्या कंपनीच्या यादीत असतील या भरवशावर राहू नका.

नातू सहावीत, बारा वर्षांचा. त्याचे आईवडील पुण्याला. माझाच फोन वापरतो. वीजबिल तोच भरून देतो. मागच्या महिन्यात खात्यातून गेमला चौदाशे रुपये गेले.
*आजी, राजापूर तालुका*

बिल त्याने भरावं, पिन तुम्ही दाबा. फोन उघडायचा पिन आणि यूपीआयचा पिन एकच असेल तर यूपीआयचा आज बदला आणि तो त्याला सांगू नका. पेमेंट अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून गेमच्या नावाने दर महिन्याला पैसे कापायची परवानगी दिली गेली आहे का ते बघून घ्या. असली तर रद्द करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे, ती चालू करा.

तुमच्या फोनवर यूट्यूब त्याला साठीची बाई समजून व्हिडिओ दाखवतं, हे दुसरं. घरात जुना फोन असेल तर त्यावर त्याच्या खऱ्या वयाचं गूगल खातं उघडून त्याच्या आईने पुण्याहून ‘फॅमिली लिंक’ अ‍ॅपने जोडावं. मग नवीन अ‍ॅप टाकायला आईची मंजुरी लागते, वेळेची मर्यादा घालता येते, आणि ‘आजी ओरडते’ हे भांडण तुमच्या वाट्याला येत नाही. इन्स्टाग्राम अजून वर्षभर नाही.

वाडीत रेंज नाही. मुलगी स्नॅपचॅटची ‘स्ट्रीक’ तुटेल म्हणून संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जाते. हे काय प्रकरण आहे?
*वेंगुर्ले*

दोघांनी रोज एकमेकांना निदान एक स्नॅप पाठवला तर आकडा वाढत जातो; चोवीस तास चुकले की शून्य. मुलांना रोज परत आणण्यासाठीच ते रचलंय. रागावून उपयोग नाही, वेळ बदला: शाळेच्या वाटेवर जिथे रेंज येते तिथे सकाळीच पाठवून टाकायचा. अंधारात सड्यावर नाही, हा नियम मात्र ठाम.

त्याहून महत्त्वाचा स्नॅपचा नकाशा, मुलगी आत्ता कुठे आहे ते मित्रांना दाखवणारा. नकाशा उघडून वरच्या चक्रात ‘घोस्ट मोड’ लावा, म्हणजे तिची जागा कुणाला दिसणार नाही, आणि मुदत ‘बंद करेपर्यंत’ अशी ठेवा. शहरात नकाशावरची खूण शंभर घरांत हरवते, वाडीत ती एका घरावर बोट ठेवते. आणि फोटो आपोआप पुसला जातो यावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढता येतोच.

गणपतीत मुंबईची भावंडं येतात आणि सगळी पोरं रात्रभर फोनवर. किती तास द्यावेत?
*गुहागर*

सणात तास मोजत बसू नका, झोप राखा. माजघरात एकच एक्स्टेन्शन बोर्ड लावा, आरती आणि जेवणं झाली की सगळ्यांचे फोन तिथे चार्जिंगला, मोठ्यांचे धरून. मोठ्यांचे नसतील तर नियम एक रात्रही टिकणार नाही. गजराचं कारण पुढे येईल, साधं घड्याळ आणून ठेवा.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. ‘चाललो मुंबईला’ असे कुलूप लावलेल्या घराचे फोटो मुंबईला पोचल्यावरही टाकू नयेत. घर पुढे महिनोन्‌महिने बंद असतं. आणि भाद्रपदात समुद्र शांत झालेला नसतो, खडकांवर रीलसाठी जायचं तर भरतीची वेळ विचारून, मोठं माणूस सोबत घेऊन. विसर्जन लाइव्ह दाखवायचा हट्ट झाला तर १६ च्या आतल्या टीन अकाउंटला पालकांच्या परवानगीशिवाय लाइव्ह जाता येत नाही. तुमच्या फोनवरून दाखवा.